दुसऱ्या ओढीला येणारा तिसरा

पंख्याच्या एका पात्यावर अकरा किडे होते, दुसऱ्यावर सात. अकरातले नऊ टोकाकडच्या वीतभर पट्ट्यात, दोन मधोमध. सातांपैकी एकाचा पंख अजून शाबूत होता, शिरांची जाळी दिसेल इतका पारदर्शक, आणि तो वाऱ्याने नाही, तिच्या श्वासाने हलत होता. वारा नव्हताच. काल दुपारी कामावर जाण्याआधी तिने ही दोन्ही पाती आधी ओल्या, मग कोरड्या फडक्याने पुसली होती, लाकडावरच्या वार्निशात आपलं कपाळ दिसेपर्यंत. म्हणजे हे अठराही किडे काल संध्याकाळच्या उड्डाणातले... बारकीचे.

तिने फडकं ओलं केलं आणि शाबूत पंखवाल्यापासून सुरुवात केली.

प्रोपेलरला बाबा पंखाच म्हणतात, आणि सात वर्षं त्यांच्याबरोबर या शेडमध्ये काढल्यावर तिच्याही तोंडात तोच शब्द बसला होता. बाबा कारखान्यातून निवृत्त झाले त्या वर्षी त्यांनी विमानाचे नकाशे मागवले, लहानशा धावपट्टीच्या कडेची ही पत्र्याची शेड भाड्याने घेतली, आणि तेव्हापासून प्रत्येक सुट्टीचं दोघांचं ठिकाण हेच — लाकडी फासळ्या, त्यांवर ताणून बसवलेलं कापड, पुढे दुसऱ्या कुणाच्या मोडलेल्या विमानातून काढून आणलेलं चार सिलिंडरचं इंजिन, आत दोन माणसं खेटून बसतील एवढी जागा. आई या विमानाला सवत म्हणते. "सवतीलाही जेवायला घेऊन या, म्हणजे तुम्ही तरी याल," असं फोनवर सांगते, आणि बाबा खो खो हसतात. तीही हसायची. दोन आठवड्यांपूर्वीपर्यंत हा शब्द तिला नुसताच गमतीचा वाटत होता.

दोन आठवड्यांपूर्वी बारकी रजेवर आली. बारकी म्हणजे धाकटी बहीण, प्रवासी विमानावर सहवैमानिक. उंचीने आता घरात सगळ्यांत मोठी, तरी बारकीच. सात वर्षांत ती या शेडमध्ये पाचेक वेळा आली असेल, त्यातली एक खेप विसरलेली छत्री न्यायला. आणि आता रोज सकाळ-संध्याकाळ तीच वर जात होती, कारण वर न्यायचा परवाना घरात तिच्याकडेच होता. बाबांचं वय गेलं. आणि हिचा — मोठीचा — वैद्यकीय तपासणीत डावा कान नापास झाला. "बाकीची मी पास झाले," असं ती तेव्हा सगळ्यांना सांगत सुटली होती. विनोद चांगला होता, म्हणून पुष्कळ दिवस पुरला.

पाती स्वच्छ झाली. तिने चाकांपुढचे लाकडी ठोकळे पायाने दाबून पाहिले, इंजिनाची किल्ली आपल्या खिशात आहे हे बोटांनी चाचपलं — बंद इंजिनाच्या पंख्यापुढे उभं राहतानाही ते जिवंत आहे असंच धरून चालायचं — आणि दोन्ही तळवे पात्यावर ठेवून खाली ओढलं. पातं आधी सहज येतं. मग आत हवा दबायला लागते आणि हाताला कुणीतरी आतून धरल्यासारखं होतं. आणखी जोर लावला की ते आतलं कुणीतरी नाइलाजाने सोडतं आणि पातं पुढे निसटतं. चार सिलिंडर, चार ओढी. पहिल्या ओढीला पहिला येतो, दुसऱ्या ओढीला तिसरा, मग दुसरा, मग चौथा. इंजिनं माणसांसारखी ओळीने मोजत नाहीत. रोज सकाळी ती हे करते. कुणी सांगितलेलं नाही. पण उडण्याआधी या चौघांची विचारपूस केल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

पहिला नेहमीसारखा. दुसऱ्या ओढीला मात्र...

दुसऱ्या ओढीला आतला धरणारा नीट धरेना. सोडून दिलं असंही नाही. ओळखीच्या माणसाने आपला हात हातात घ्यावा आणि बोलत मात्र दुसऱ्याशीच राहावं, तसं काहीतरी. ती थांबली. पुन्हा चार ओढी: तिसरा पुन्हा नरम. पुन्हा चार: बहुधा नरम. चौथ्या फेरीला ती मुद्दाम दुसरीकडे, पत्र्याच्या भोकातून येणाऱ्या उजेडाच्या काडीकडे बघत राहिली, म्हणजे हाताला कळू नये की कितवी ओढ चालू आहे. पण हाताला माहीत होतं. पाचव्या फेरीनंतर तिला काहीच सांगता येईना.

तिसऱ्या सिलिंडरच्या झडपा तिने स्वतः बसवल्या होत्या. बारीक रेतीचं मलम लावून, दोन तळव्यांमध्ये काठी घुसळावी तशी झडप फिरवत, बैठकीवर राखाडी रंगाचं अखंड कडं उमटेपर्यंत, दोन रविवार. बाकीच्या तिघांत बाबांचा हात होता; तिसरा पूर्ण तिचा. तो नरम असेल तर चूक तिची. म्हणजे आपण हे उगाच म्हणत नाही आहोत, ती स्वतःला म्हणाली. स्वतःच्याच कामाला कोण उगाच नावं ठेवील? आणि हे वाक्य मनात पूर्ण होण्याआधीच तिला त्यातली सफाई खटकली... कुणी विचारलेलं नसताना मी साक्ष देत होते.

कारण नरम असेल, तर आज बारकी वर जाणार नाही.

प्रयोगशाळेत ती दाबाचे गेज तपासते. कारखान्यांतून, दवाखान्यांतून गेज येतात. प्रत्येक गेज खोटं बोलतो, थोडं थोडं. कोणी नेहमी दोन जास्त दाखवतो, कोणी तीन कमी. त्याचं तिला कधीच काही वाटलं नाही. कुठल्या बाजूला आणि किती चुकतो एवढं कळलं की चुकणारा गेजही चालतो, तेवढं वजा करायचं आणि पुढे जायचं. आत्ता, पात्यावर तळवे ठेवून उभी असताना, आपला हात कुठल्या बाजूला चुकू शकतो हे तिला स्वच्छ ठाऊक होतं. किती, ते ठाऊक नव्हतं. किती वजा करू? सगळंच केलं तर खरोखर नरम असलेल्या सिलिंडरवर बहिणीला वर पाठवलं असं होईल. काहीच नाही केलं तर...

आणि आजचंच उड्डाण. उद्या नाही, उद्या बारकी असणार नाही, संध्याकाळी तिची गाडी आहे आणि पुढची रजा सहा महिन्यांनी. आज व्हायचं होतं ते पंखा थांबवून पाहण्याचं. वर गेल्यावर इंजिन बंद केलं तरी पंखा थांबत नाही. समोरचा वारा त्याला फिरवत राहतो, पंखा इंजिनाला फिरवतो, आणि ज्याने विमान ओढायचं तेच इंजिन विमानाच्या गळ्यातली धोंड होऊन बसतं. असा फुकट फिरणारा पंखा विमानाला मागे खेचतो. थांबलेला बरा, त्याने विमान लांबवर तरंगत जातं. पण थांबवायचा तर नाक हळूहळू वर धरून वेग उतरवत न्यावा लागतो. पंखा मंद होतो, प्रत्येक सिलिंडरच्या दाबाच्या चढाशी अडखळतो, तरी कसाबसा पलीकडे जातो, आणि मग एका चढावर चढतच नाही. उभा राहतो. किती वेगाला उभा राहतो, आणि नाक खाली घालून किती वेग घेतला की वारा त्याला पुन्हा त्या चढापलीकडे ढकलतो, हे दोन आकडे हवे होते. घरी बांधलेल्या प्रत्येक विमानाचे ते वेगळे. कुठल्या पुस्तकात मिळत नाहीत. तिने गणित करून ठेवलं होतं: एकोणपन्नास नॉटला थांबेल. एखादा सिलिंडर नरम असला तर चढच सपाट, पंखा थांबायचा नाही, बारकी त्याला थांबवायला वेग आणखी आणखी उतरवत राहील... हेही खरं होतं. खरी कारणं भरपूर होती.

एकोणपन्नास तिचे, पण पाहणार बारकी. आकाशात, डोळ्यांसमोर, उभा राहिलेला पंखा. इतक्या वर्षांत फिरणारा तर सगळ्यांनीच पाहिला, कुणालाही दिसतो — म्हणजे दिसत नाही, नुसतं धुरकट वर्तुळ दिसतं — पण वर, सगळं शांत झाल्यावर, हे लाकूड, मी घासलेलं, त्याच्या कडेच्या पितळी पट्टीवरचे मी ठोकलेले खिळे, एकेक मोजता येईल असं थांबलेलं...

काल रात्री जेवताना बाबांनी खिडकीतल्या पंख्याची गोष्ट सांगितली. स्वयंपाकघराच्या खिडकीत धूर बाहेर टाकायला एक पंखा होता. वादळाच्या एका संध्याकाळी दिवे गेलेले, बटण बंद, आणि तरी पंखा फिरत होता, उलटा. तेव्हा एवढीशी पोर त्याच्याकडे बोट दाखवून विचारते, "बाबा, हा वारा देतोय की घेतोय?" बाबांनी तिला उचलून कडेवर घेतलं, पंख्यासमोर धरलं आणि सगळं समजावून सांगितलं. "तेव्हाच मला कळलं," बाबा म्हणाले, "की ही पोरगी वाऱ्याची आहे." आणि त्यांनी बारकीच्या पाठीवर थाप मारली.

विचारलं होतं मी. मी सहा वर्षांची होते आणि बारकी पाळण्यात होती. बाबांच्या शर्टाला वंगणाचा वास येत होता, आणि पाती माझ्या तोंडासमोरून इतक्या सावकाश जात होती की मधल्या फटींतून बाहेरचं झाड दिसत होतं. "मी एवढी हुशार होते?" बारकी हसून म्हणाली. आई भात वाढत राहिली. आणि मी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. एवढ्याशा गोष्टीसाठी भरल्या ताटावर कोण तोंड उघडणार? मग रात्रभर ते उघडायचं राहिलेलं तोंड...

"झालं का गं नवरीचं तोंड धुऊन?"

बारकी दारात उभी होती, केस ओले, हातात चहाचा थर्मास. मागून बाबा आले, आल्या आल्या त्यांनी बाहेरच्या काठीवरच्या कापडी पिशवीकडे पाहिलं. वारा असला की ती फुगते आणि आडवी होते. आता ती काठीला चिकटून लोंबत होती.

"पान हलत नाहीये," बाबा म्हणाले. "अशी हवा मागून मिळत नाही. आठच्या आत वर पोचलं पाहिजे. एकदा जमीन तापली की हवा हिंदकळायला लागते, मग काटा नाचतो आणि आकडा कुठला घ्यायचा कळत नाही." त्यांनी आज इस्त्रीचा शर्ट घातला होता. तिने तो पाहिला आणि नजर काढून घेतली.

"ताई, पैज लावतेस?" बारकीने कप भरले. "तुझे एकोणपन्नास, माझे पंचेचाळीस. हरेल त्याने आईला सांगायचं, की बाबा आता दुसरं विमान बांधताहेत."

"मला घराबाहेर काढायचा बेत आहे हा," बाबा म्हणाले.

हसू अजून शेडमध्ये होतं तेवढ्यात ती म्हणाली, "बाबा, तिसरा नरम लागतोय."

कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"किती?"

"हाताला किती कसं कळणार? नरम."

"खात्री आहे का मोठे? तूच म्हणतेस ना, हात म्हणजे काही गेज नव्हे."

"म्हणते."

बाबांनी बाह्या सावरल्या आणि स्वतः चार ओढी घेतल्या, मग आणखी चार. त्यांच्या बोटांचे सांधे अलीकडे सुजलेले असतात. "माझ्या हाताला आता दोरी आणि तार सारखीच लागते," ते म्हणाले, आणि कुणाकडे न बघता तळवे पँटला पुसले. बारकीनेही ओढून पाहिलं. "मला चारही सारखेच. मला यातलं कधीच काही कळलं नाही."

नीट तपासायचं तर इंजिन आधी तापवायला हवं, मग प्लग काढायचे, मग बाहेरून हवेचा दाब देऊन प्रत्येक सिलिंडर तो किती धरून ठेवतो ते बघायचं. सगळं मिळून दीड तास, फार घाई केली तर सव्वा. साडेसात वाजत आले होते. हे गणित शेडमधल्या तिघांनाही येत होतं. बाबा बाहेरच्या पिशवीकडे पाहत राहिले, जणू तीच काही सुचवील.

तिने बोलायची तयारी केली होती. बारकी म्हणेल, जाऊ दे ना, काल तर छान चालत होतं. त्यावर काय म्हणायचं. बाबा म्हणतील, एकच दिवस आहे गं, त्यावर काय. सगळी कारणं ओळीने लावून ठेवली होती.

"मग नाहीच जात मी," बारकी म्हणाली. "ताईला नरम लागलं तर नरम. चला, पाने कुठेत?"

आणि ती हुक काढून जाकीट काढायलाही लागली... सगळा जोर लावून पातं ओढावं आणि आत कुणीच धरू नये, तसा मोठीचा तोल गेला. विश्वास न ठेवणं तिला झेपलं असतं. त्यासाठीच तर ती उभी होती.

इंजिन सुरू केलं. बारकी आत बसली, ती बाजूला, पंख्यापासून दूर. धुरकट वर्तुळ फिरत होतं आणि शेडबाहेरचं गवत मागे झोपलं होतं. तिसऱ्याच्या झडपेखाली कदाचित काजळीचा कण अडकला असेल, तिच्या मनात आलं. दाण्याएवढा कणही पुरतो. तसं असेल तर या दहा मिनिटांत तो जळून उडून जाईल आणि सकाळी तो होता की नव्हता हे मग कुणालाच, कधीच कळणार नाही. मलाही नाही. तिने कान देऊन आवाज ऐकला — उजवा कान — आणि आवाज चांगला होता. आपण तो वाईट असावा म्हणून ऐकतोय की चांगला असावा म्हणून, हे तिला ठरवता येईना.

प्लग काढताना दोघी इंजिनाच्या दोन बाजूंना होत्या. गरम धातूचा वास. बारकी पाना लावून अर्धवट वाकलेली, तिचा चेहरा दिसत नव्हता, नुसता आवाज इकडे येत होता.

"तुला माहितेय, बाबा मला फोनवर काय विचारतात? जेवलीस का, हे आईचं. बाबा सांगत बसतात. ताईने आज असं केलं, ताईने झडप अशी बसवली, ताईच्या हाताला काय कळतं बघ. वीस मिनिटं. मग म्हणतात, बरं, तू कशी आहेस." पाना घसरला; ती स्वतःशीच काहीतरी पुटपुटली. "या विमानात मी नुसती वजनाला असते गं. एवढं तरी चालवायला द्या म्हटलं."

मोठीने हातातल्या प्लगवर बोट फिरवलं. तो फिकट तपकिरी होता, असायला हवा तसा. काल रात्रीचं वाक्य, विचारलं होतं मी, तोंडाशी आलं आणि त्याच्यात आता तेवढा दम उरला नव्हता... पण गेलंही नव्हतं. बारकीला कुणीतरी वीस मिनिटं आपल्याविषयी सांगतं, हे ऐकून बरं वाटलं, आणि ते बरं वाटणंही त्याच जागी वाटलं जिथे रात्रभर दुखत होतं.

बाबांनी हवेची नळी जोडली. दोन गेज: एक दिलेला दाब दाखवणारा, तो ऐंशी पौंडांवर ठेवायचा, दुसरा, सिलिंडरने त्यातला किती धरून ठेवला ते सांगणारा. बाबांचा नियम सत्तरचा. सत्तरच्या खाली एकही असला तर विमान जमिनीवर. दुसरा गेज तिनेच प्रयोगशाळेत तपासून आणलेला. खोटं बोलत नव्हता. पंखा धरायचं काम तिचं, कारण ऐंशी पौंड हवा आत शिरली की पिस्टन ढकलला जातो, आणि पातं नेमक्या जागी घट्ट धरलेलं नसेल तर हात मोडेल असा हिसका बसतो. बारकी झडप उघडणार आणि काटा वाचणार.

पहिला. तिने पातं धरलं, हवा आली, पात्यात ताण उतरला. तिने ते अंगठाभर पुढे, अंगठाभर मागे सरकवलं. ही तिची सवय: पिस्टनभोवतीची कडी हवेने जागच्या जागी नीट बसावी लागतात, तोवर काटा उगाच कमी दाखवतो.

"शहात्तर," बारकी म्हणाली.

बाहेर पिशवी काठीपासून सुटली होती. बाबा दाराशी गेले आणि पाठ करून उभे राहिले. इस्त्रीच्या शर्टाला पाठीवर घामाचा एक लांबट डाग होता.

तिसरा. तिने पातं जागेवर आणलं, खांदा मागे लावला, मान हलवली. बारकीने झडप उघडली. पात्यात पुन्हा तोच ताण.

"सहासष्ट," बारकी म्हणाली. मग हळू आवाजात, जवळजवळ आदराने, "ताई... तुझा हात म्हणजे खरंच."

बाबांची पाठ किंचित खाली आली. ते वळले नाहीत.

सहासष्ट. ती जिंकली होती. आज, आणि मागचे दोन आठवडे, आणि खिडकीतला पंखाही बहुधा. सकाळचा हात खरा होता, त्यात वजा करण्यासारखं काही नव्हतं. आता बारकी झडप बंद करील, काटा शून्यावर जाईल, दुसऱ्या सिलिंडरकडे वळायचं. सिलिंडर खाली उतरवू, झडपा पुन्हा घासू, पुन्हा दोन रविवार, ती आणि बाबा... किती शांत वाटत होतं. आणि त्या शांततेत तिला कळलं की आपले हात हललेले नाहीत. पहिल्या सिलिंडरला ते आपोआप हलले होते, रोज हलतात, सवयच आहे. आणि आता, दोन्ही तळवे पात्यावर, दगडासारखे.

पातं असं हलवावं लागतं हे बारकीला माहीत नव्हतं. बाबांना माहीत होतं, पण बाबा पिशवीकडे पाहत होते.

"बंद करू?" बारकीने विचारलं. तिची बोटं झडपेवर होती.

"थांब," ती म्हणाली.

तिने पाय नीट रोवले. पातं अंगठाभर पुढे नेलं, इतकंच की ते हिसका देईल-देईल असं वाटावं, आणि अंगठाभर मागे आणलं. पुन्हा पुढे. पुन्हा मागे. आत काहीतरी बसल्याचं तळव्यांना कळलं, किंवा कळल्यासारखं वाटलं. ती गेजकडे बघत नव्हती. वार्निशात स्वतःचं कपाळ बघत होती.

"हलतोय," बारकी म्हणाली. "सत्तर... चढतोय अजून. थांबला."

"किती?"

"ऐंशीला अठ्ठ्याहत्तर."